सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं? मुलांच्या 'अवतारां'चा थोडा इतिहास आणि थोडा हिशेब



पोस्ट मोठी आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

"मुलीला वाढदिवसाला रोब्लॉक्सचं गिफ्ट कार्ड हवंय. अवतारसाठी नवे केस घ्यायचेत म्हणते. द्यावं का?" हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला ना कुणाला दर दोन-तीन महिन्यांनी पडतोच. उत्तरंही ठरलेली असतात. एक गट म्हणतो, "नसलेल्या माणसाच्या नसलेल्या केसांना खरे डॉलर? डोकं फिरलंय का?" दुसरा म्हणतो, "सगळ्यांची मुलं घेतात हो, एकटं पाडू नका पोरीला."

मी पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. कोक्विटलाममध्ये राहते, दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या तपासते आणि संध्याकाळी घरी अकरा वर्षांच्या मुलीच्या अवतारची. त्यामुळे हो किंवा नाही म्हणण्याआधी मला नेहमी दोन गोष्टी बघाव्याशा वाटतात: ही भानगड सुरू कुठून झाली, आणि पैसा नेमका जातो कुठे. दोन्ही शोधताना जे सापडलं ते इतकं आपल्या जवळचं निघालं की लिहिल्याशिवाय राहवेना. जवळचं म्हणजे एकीकडे कुडाळ-वेंगुर्ल्याजवळचं, आणि दुसरीकडे इथून गाडीने चारेक तासांवरचं.

शब्द आपला, अर्थ बदललेला

'अवतार' म्हणजे खाली उतरणं. 'अव' म्हणजे खाली आणि 'तृ' म्हणजे पार होणं, उतरणं. देव वरून खाली येतो, मासा होतो, कासव होतो, वराह होतो. म्हणजे मोठ्याने लहान रूप घ्यायचं, त्या रूपाच्या मर्यादा पाळायच्या आणि काम संपलं की निघून जायचं.

आपल्या कोकणात या कल्पनेचं नाटक झालं. सिंधुदुर्गातल्या जत्रांमधला दशावतार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आजोळी पाहिला असेल. लिहिलेली संहिता नाही. आख्यान काय लावायचं ते ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर उभे राहून बोलतात. सामानाचा पेटारा गावोगाव फिरतो. नट आपला रंग आपणच चढवतो, आरशासमोर बसून, स्वतःच्या हाताने. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. आधी गणपती येतो, सरस्वती येते, मग काळ्या वेशातला संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची टोपी उडवतो, आणि विष्णू त्याचा वध करतो. त्यानंतर पहाटेपर्यंत आख्यान.

आता हीच यादी मुलांच्या खेळाशी ताडून बघा. रूप स्वतः बनवायचं, संवाद आयत्या वेळी बोलायचे, मुलाने मुलीचं किंवा मुलीने राक्षसाचं रूप घ्यायला हरकत नाही, आणि खेळ संपला की रंग उतरवून घरी. फरक एकच, आणि तो मोठा आहे. दशावतारातला पेटारा नटमंडळींच्या मालकीचा असतो. मुलांचा पेटारा कुणाच्या मालकीचा आहे, याकडे पुढे येतेच.

शब्द संगणकात कसा गेला

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' नावाच्या संगणक यंत्रणेवर 'अवतार' नावाचा एक खेळ होता. १९८५ मध्ये रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा ४' आला. त्याचं उपशीर्षकच 'क्वेस्ट ऑफ द अवतार'. तिथे नायकाने राक्षस मारून भागत नव्हतं, आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं होतं. आजीला सांगितलं तर तिलाही पटेल असा खेळ!

पण आज मुलं ज्या अर्थाने हा शब्द वापरतात, म्हणजे पडद्यावरचं माझं रूप, त्याची रुजवात 'हॅबिटॅट'मध्ये झाली. 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासफिल्मच्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी तो कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी बनवला. १९८६ ते १९८८ त्याची चाचणी चालली. टेलिफोनच्या तारेवरून घरोघरची माणसं एका चित्रमय गावात यायची. तिथे डोकं बदलता यायचं, अंगाचा रंग बदलायला फवारा मिळायचा. एका खेळाडूने, जो प्रत्यक्षात ग्रीक ऑर्थोडॉक्स पाद्री होता, तिथे चर्च काढलं. लोकांनी निवडणूक घेऊन शेरीफ नेमला. म्हणजे चार माणसं जमली की काय काय होतं ते सगळं झालं.

माझ्यासारखीला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र पैशाची. हॅबिटॅटमध्ये प्रत्येक नव्या अवताराला २,००० टोकन मिळायचे आणि रोज पहिल्यांदा आत आलं की १०० टोकन. वस्तू विकणारी यंत्रं होती आणि जुन्या वस्तू विकत घेणारी, आपल्या भाषेत भंगारवाल्याची, वेगळी यंत्रं होती. दोन्हींच्या किमती ठरवताना कुणाची तरी गफलत झाली. एका यंत्रात बाहुली ७५ टोकनला मिळायची आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला तीच १०० टोकनला विकता यायची. त्याहून भारी म्हणजे काचेचा गोळा १८,००० ला मिळायचा आणि ३०,००० ला खपायचा.

पुढचं तुम्ही ओळखलंच. काही खेळाडूंनी आपली सगळी पुंजी बाहुल्यांत घातली, रात्रभर या टोकाकडून त्या टोकाकडे हेलपाटे मारले, गोळ्यापुरते पैसे जमल्यावर गोळ्यांचा धंदा केला. सकाळी चालकांनी बघितलं तर गावातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट! विचारल्यावर उत्तर साधारण असं मिळालं की आम्ही नियमात राहून कमावलाय आणि कसा ते सांगणार नाही. बरं, त्या शेठजींनी पुढे ते टोकन गावासाठी खजिना-शोधाचे खेळ भरवण्यात खर्च केले, त्यामुळे सगळ्यांची मजा झाली.

ही गोष्ट लक्षात ठेवा. कारण त्या गावात पैसा खोटा होता. बाहेर काढायची सोय नव्हती. चूक झाली तर गंमत झाली, कुणाचं घर बसलं नाही. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही. हॅबिटॅटमध्ये पैशाचंही सोंग आणता आलं, कारण सगळ्यांनाच ते सोंग आहे हे माहीत होतं.

सोंगाचा पैसा खरा झाला

१९९२ मध्ये नील स्टीफनसन यांच्या 'स्नो क्रॅश' कादंबरीने 'अवतार' आणि 'मेटाव्हर्स' हे शब्द सर्वतोमुखी केले. ती वाचून वाढलेल्या पिढीने ते प्रत्यक्षात आणायचं मनावर घेतलं. २००३ च्या जूनमध्ये सान फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅबने 'सेकंड लाइफ' सुरू केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक मोठा निर्णय जाहीर केला: इथे तुम्ही जे बनवाल त्याचे बौद्धिक हक्क तुमचेच राहतील. अवतारासाठी कातडी, केस, कपडे, बूट बनवून विकणाऱ्यांची बाजारपेठ उभी राहिली. तिथला लिंडेन डॉलर खऱ्या डॉलरमध्ये बदलता यायचा. २००६ मध्ये 'अँशी चुंग' नावाच्या अवतारामागच्या बाईंनी, ऐलिन ग्राफ यांनी, जाहीर केलं की त्यांची तिथली मालमत्ता दहा लाख अमेरिकी डॉलरच्या वर गेली आहे. जमीनजुमल्याचा धंदा. फक्त जमीन नव्हती.

सोंगाला आता सातबारा लागला होता. पण ते जग मोठ्यांचं होतं. मुलांचं जग घडलं ते आपल्या शेजारी.

केलोना आणि व्हँकुव्हर: आपल्याच प्रांतातल्या दोन गोष्टी

कोक्विटलामहून निघालात, होपला वळलात, कोक्विहाला घाट चढून उतरलात की ओकानागन खोऱ्यात केलोना लागतं. आपण उन्हाळ्यात चेरी खुडायला आणि तळ्यात डुंबायला जातो तेच. तिथे लान्स प्रीब, लेन मेरीफील्ड आणि डेव्ह क्रिस्को या तिघांनी २४ ऑक्टोबर २००५ ला 'क्लब पेंग्विन' सुरू केलं.

कल्पना साधी. सगळी मुलं पेंग्विन. रंग निवडा, टोपी घाला, मफलर गुंडाळा, इग्लू सजवा. छोटे खेळ खेळून नाणी मिळवायची. जाहिराती नाहीत. बोलण्यावर कडक चाळण, फोन नंबर किंवा शिवी टाइप केली तर पुढे जायचीच नाही. कमाई महिन्याच्या वर्गणीवर, सुरुवातीला ५.९५ डॉलर. वर्गणी नसली तरी खेळता यायचं, पण नाण्यांनी बहुतेक कपडे घ्यायचे तर वर्गणी हवीच. म्हणजे खर्चाची मर्यादा महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली. आई-बापाला अंदाजपत्रक बसवता येतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार नंतर लक्षात आली. तिथे माणूस नव्हताच. गोरा, सावळा, सरळ केसांचा, कुरळ्या केसांचा, हा प्रश्नच नाही. जांभळा पेंग्विन केरळचा की केलोनाचा कुणाला कळणार?

२००७ च्या ऑगस्टमध्ये डिस्नेने ही कंपनी ३५ कोटी अमेरिकी डॉलरना विकत घेतली. काही उद्दिष्टं गाठली तर आणखी तेवढेच द्यायचं ठरलं होतं. त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी एक सुंदर उपक्रम केला. मुलांनी आपली खोटी नाणी आवडीच्या कामाला दान करायची, आणि त्या प्रमाणात कंपनी खरे दहा लाख डॉलर संस्थांना वाटणार. खोट्या नाण्यांनी खऱ्या पैशाची दिशा ठरवायची. मला वाटतं मुलांना दानधर्म शिकवायची इतकी सोपी रीत दुसरी नसेल.

पण ३० मार्च २०१७ ला क्लब पेंग्विन बंद झालं. जवळजवळ साडेअकरा वर्षांचे इग्लू, टोप्या, पाळलेले पफल, सगळं एका क्षणी गेलं. त्या जागी आणलेला नवा खेळही २०१८ च्या अखेरीस बंद पडला. आज आपल्या ऑफिसांत पंचविशीतली जी इथली मुलं आहेत त्यांना विचारून बघा, बऱ्याच जणांना आपल्या पेंग्विनचं नाव अजून आठवत असेल.

दुसरी गोष्ट व्हँकुव्हरची. स्ट्युअर्ट बटरफील्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी आधी 'गेम नेव्हरएंडिंग' नावाचा खेळ करायला घेतला होता, तो राहिला बाजूला आणि त्यातून २००४ मध्ये 'फ्लिकर' निघालं. मग त्यांनी 'ग्लिच' केला. २७ सप्टेंबर २०११ ला सुरू झाला. चित्रं इतकी गोड, आणि अवताराचे कान, नाक, केस, कपडे किती तऱ्हांनी बदलता यायचे! पैसा मात्र जमेना. ९ डिसेंबर २०१२ ला बंद झाला. बंद करताना त्यांनी दोन कामं नेटकी केली. खेळाडूंना पैसे परत देऊ केले. आणि पुढच्या वर्षी खेळातली चित्रं कुणालाही वापरायला मोकळी करून टाकली. ग्लिच बनवताना आपसात बोलायला त्यांनी जे साधन केलं होतं तेच पुढे 'स्लॅक' झालं. आपण ऑफिसात रोज जे उघडतो ते.

दोन्ही खेळ आपल्याच प्रांतातले, दोन्ही बंद पडले. एकाने वर्गणी प्रामाणिक ठेवली, दुसऱ्याने निरोप प्रामाणिक घेतला. मुलांसाठी कुठलंही असं जग निवडताना मी आता हेच दोन प्रश्न विचारते: पैसे कसे घेतात, आणि दुकान बंद झालं तर काय देतात?

आता रोब्लॉक्सचा ताळेबंद

डेव्हिड बाझुकी आणि एरिक कॅसल यांचं रोब्लॉक्स २००६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. सुरुवातीचा तो प्रसिद्ध ठोकळा, पिवळं डोकं, निळं धड, हिरवे पाय. २००७ मध्ये 'रोबक्स' हे चलन आलं. २०१९ पासून निवडक खेळाडूंना स्वतः टोप्या, केस, दागिने बनवून विकायची मुभा मिळाली. २०२० मध्ये रोज सरासरी ३ कोटी २६ लाख जण येत होते, त्यात निम्म्याहून जास्त तेरा वर्षांच्या आतले. मार्च २०२१ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. आणि कंपनी बाजारात आली की आमच्यासारख्यांना तिच्या वह्या वाचता येतात!

त्या वह्यांत मला जे सर्वात बोलकं वाटलं ते सांगते. तुमच्या मुलीने दहा डॉलर देऊन केस घेतले, तर कंपनी ते दहा डॉलर त्या दिवशीचं उत्पन्न म्हणून दाखवत नाही. केस 'टिकाऊ' वस्तू आहेत, म्हणून ती रक्कम हप्त्याहप्त्याने उत्पन्नात घेतली जाते. किती काळ? पैसे देणारा खेळाडू सरासरी जितका काळ टिकतो तितका. २०२० साली हा अंदाज २३ महिन्यांचा होता.

जरा थांबून विचार करा. मूल म्हणतं, "आई, हे कायमचं आहे." कंपनीचा अकाउंटंट लिहितो, साधारण दोन वर्षं. मुलांचा मोह किती दिवस टिकतो याचा इतका स्वच्छ लेखी अंदाज आपल्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

दुसरी बाब मालकीची. अशा बहुतेक खेळांच्या अटींत वस्तू 'विकत' मिळत नाही, वापरायचा परवाना मिळतो. खातं बंद, तर परवाना बंद. आमच्या शास्त्रात मालमत्ता म्हणजे जिच्यावर तुमचा ताबा आहे आणि जिच्यातून पुढे काही लाभ होईल ती. या कसोटीवर ते केस मालमत्ता ठरत नाहीत, तो खर्च आहे. सिनेमाच्या तिकिटासारखा. सिनेमाला पैसे देण्यात काहीच गैर नाही, फक्त तिकीट ही गुंतवणूक आहे असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यायचं.

तिसरी बाब, "मी पण बनवून विकेन आणि श्रीमंत होईन" ही. हा हिशेब आम्ही घरी कागदावर मांडला, तुम्हीही मांडा. अनेक वर्षं ४०० रोबक्स ४.९९ अमेरिकी डॉलरला मिळत. म्हणजे १०० रोबक्सची टोपी घेणाऱ्याला साधारण सव्वा डॉलरला पडली. बनवणाऱ्याच्या वाट्याला त्यातले ३० टक्के, म्हणजे ३० रोबक्स. आणि रोबक्सचे डॉलर करताना दर वेगळा: बरीच वर्षं १ लाख रोबक्सला ३५० डॉलर, आता किंचित वाढलाय. त्या दराने ३० रोबक्सचे साडेदहा सेंट. घेणाऱ्याने १२५ सेंट दिले, बनवणाऱ्याला साडेदहा मिळाले. तेही किमान रक्कम जमली आणि बाकी अटी पुऱ्या झाल्या तर. मधल्या पैशांतून ॲप स्टोअरचा वाटा, सर्व्हरचा खर्च, कंपनीचा वाटा जातो. यात चोरी नाही, सगळं जाहीर आहे. पण हॅबिटॅटच्या बाहुल्या आठवतात? तिथे यंत्रांच्या दरांतली तफावत खेळाडूंच्या फायद्याची होती. इथे ती दुकानाच्या फायद्याची आहे. (आणि तुमच्या लेकीने खरोखरच डॉलर काढले, तर ते उत्पन्न आहे. करविवरणात विसरू नका!)

कपड्यांचा सोस कुठवर जातो त्याचं एक उदाहरण. मे २०२१ मध्ये गुच्चीने रोब्लॉक्सवर प्रदर्शन भरवलं. तिथे ४७५ रोबक्सला विकलेली एक पर्स पुढे हातोहात चढत ३ लाख ५० हजार रोबक्सला गेली, म्हणजे चार हजारांहून जास्त डॉलर. दुकानातली खरी पर्स त्याहून स्वस्त होती!

हसायला येतं, पण आपल्याला हसायचा अधिकार थोडा कमीच आहे. बालगंधर्व (१८८८ ते १९६७) आठवा. रंगमंचावरच्या भामिनी-रुक्मिणीसाठी भरजरी शालू, दागिने, अत्तरं, सगळं अस्सल हवं. घरंदाज बायका त्यांचं बघून नेसणं आणि केशरचना बदलायच्या. आणि गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली. सोंगाच्या कपड्यांसाठी खरं कर्ज काढण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. फक्त नारायणरावांचं गाणं आपल्या हाती राहिलं.

एक इशाराही इथेच. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. त्यातले साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत द्यायचे होते, कारण बटणांची मांडणी अशी होती की नको असताना खरेदी व्हायची, आणि मुलं पालकांना न विचारता कार्डावर खर्च करू शकायची. म्हणून कार्ड कुठल्याच खेळात साठवून ठेवू नका. एवढं एक तरी आज करा.

रंगाची गोष्ट

आता पैशाहून अवघड भाग.

आमच्या मुलीने पहिला माणसाचा अवतार केला तो गोरापान, निळ्या केसांचा. मी विचारलं, "ही कोण गं?" तर म्हणाली, "आई, ती मी नाहीये. ते माझं कॅरॅक्टर आहे." उत्तर बरोबरच आहे. दशावतारातला राजा घरी राजा नसतो. तरीही माझ्या मनात कुठेतरी खुट्ट झालं, आणि तुमच्याही झालं असेल तर ते उगीच नाही.

२००७ मध्ये स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना उंच अवतार दिला होता ती माणसं पैशाच्या वाटणीत जास्त ताठर वागली, आणि ज्यांना देखणा अवतार दिला होता ती समोरच्याच्या जास्त जवळ गेली, मोकळेपणाने बोलली. याला ते 'प्रोटियस परिणाम' म्हणतात, रूपं बदलणाऱ्या ग्रीक देवावरून. म्हणजे आपण सोंग आणतो तसं सोंगही आपल्याला थोडं आणतं.

मग निवडायला रंगच नसतील तर? आठवून बघा, फोनमधल्या इमोजींना त्वचेचे रंग मिळाले तेच मुळी २०१५ मध्ये, युनिकोडच्या आठव्या आवृत्तीत. पाच छटा, त्याही त्वचारोगतज्ज्ञांच्या एका जुन्या मोजपट्टीवरून घेतलेल्या. त्याआधी निवड नव्हतीच. टोरोंटोच्या बिटस्ट्रिप्सने २०१४ मध्ये 'बिटमोजी' काढलं तेव्हा स्वतःसारखं चित्र बनवायची हौस किती मोठी आहे ते कळलं, आणि २०१६ मध्ये स्नॅपने ती कंपनीच घेतली. आज मुलांना छटा भरपूर मिळतात. पण छटा असणं वेगळं आणि ती निवडावीशी वाटणं वेगळं. वर्गातल्या बावीस मुलांत आपलं मूल एकटं सावळं असेल तर पडद्यावर तरी सगळ्यांसारखं दिसावं असं त्याला वाटू शकतं. आपण रागावलो तर ते अवतार बदलणार नाही, फक्त स्क्रीन आपल्याकडून वळवून घेईल.

मी रंगाबद्दल काही बोलले नाही. कपडे शिवूया म्हटलं. रोब्लॉक्सचा साधा शर्ट बनवायचा तर ५८५ बाय ५५९ पिक्सेलचा एक तक्ता मिळतो, पुठ्ठ्याचा खोका उलगडून ठेवावा तसा. त्यावर रंगवायचं आणि चढवायचं, चढवायला १० रोबक्स. गणपतीच्या सुमारास तिने ठरवलं, नऊवारी करायची. आणि अडलं. पाचवारी असती तर खाली घागऱ्यासारखं काहीतरी जमलं असतं. नऊवारीला काष्टा! अर्धी साडी शर्टच्या तक्त्यावर, अर्धी पँटच्या तक्त्यावर, आणि दोन्हींचे काठ कंबरेपाशी जुळले पाहिजेत. पदर धडावर तिरका, निऱ्या मांड्यांवर, काष्टा मागे. तीन संध्याकाळी गेल्या. मधे कुडाळला माझ्या आईला व्हॉट्सॲपवर चित्र पाठवलं. तिचा लगेच फोन, "गो बाये, काष्टो खंय गेलो?" मग तिने स्वतः नेसून, पाठमोरी उभी राहून फोटो पाठवला. सत्तरीतल्या बाईने! लेकीने तो बाजूला ठेवून काठ मोजून काढले.

नऊवारी नेसलेला अवतार अजूनही निळ्या केसांचाच आहे. अंगाचा रंग कधी गव्हाळ असतो, कधी हिरवा, कधी पुन्हा गोरा. मी मोजत नाही. पण आजीची पाठमोरी नऊवारी आता तिला माहीत आहे, आणि ती कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर नाही.

मग द्यावं का गिफ्ट कार्ड?

आमच्या घरचे नियम सांगते. तुम्हाला पटतील ते घ्या.

१. वर्षाला ठरलेली रक्कम, गिफ्ट कार्डानेच. महिन्याच्या खर्चाची मर्यादा खात्यात पालकांसाठी असते, ती लावलेली. कार्ड साठवलेलं नाही.

२. किंमत नेहमी डॉलरमध्ये बोलायची. "३०० रोबक्स" नाही, "पावणेचार डॉलर". पुढचा अर्धा प्रश्न मूल स्वतःच सोडवतं.

३. विकत घेण्याआधी बनवून बघायचं. बनवलेलं मूळ चित्र आपल्या कॉम्प्युटरवर जपून ठेवायचं. उद्या दुकान बंद झालं तरी तक्ता आपला.

४. त्या जगात ओळख झालेल्या कुणी "दुसऱ्या ॲपवर ये" म्हटलं की आईबाबांना सांगायचं. यावर चर्चा नाही. आणि सांगितल्यावर खेळ बंद होणार नाही, हे आपणही पाळायचं, नाहीतर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही.

५. कुणाची तरी टोपी कमी प्रतीची म्हणून हसायचं नाही. हे खऱ्या जगातलंच आहे.

म्हणजे माझं उत्तर, हो, द्या, पण खर्चाच्या खात्यात लिहून द्या. जत्रेत आपल्याला आजोबा फुगा-पिपाणीला पैसे द्यायचे, तेव्हा ते दोन दिवसांत फुटणार हे त्यांनाही माहीत होतं आणि आपल्यालाही.

आणि एक संध्याकाळ मुलाशेजारी बसून "हे कसं केलंस, दाखव" एवढं विचारा. तासभर जाईल. कदाचित तुमचाही एक अवतार बनेल. माझा आहे. टक्कल, चष्मा आणि हातात कॅल्क्युलेटर. लेकीने केलाय. कॅल्क्युलेटर फुकट मिळाला म्हणे.

तुमच्या घरातले अवतार कसे आहेत, आणि तुम्ही काय नियम केलेत, जरूर सांगा. विशेषतः फेटा कुणाला नीट जमला असेल तर, आम्ही तिथेच अडलोय.